उफुथुसाठी मका कुठला? चार पिशव्या आणि एक गिरण

पाचपैकी गुण आधीच सांगून टाकलेले बरे. कॉर्न फ्लोअर शून्य. मक्याचं बारीक पिवळं पीठ दीड. पाकिटातला मका रवा तीन. दक्षिण आफ्रिकेहून आलेलं पांढरं मीली-मील, म्हणजे तिकडचं मक्याचं पीठ, चार. गिरणीवर काढून आणलेली पांढऱ्या मक्याची भरड साडेचार. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही बाजारात पहिल्या दोन पिशव्या सहज हाती लागतात, आणि घरचा उफुथु बहुतेक वेळा फसतो तो याच दोघींपायी.

उफुथु म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या झुलू घरांचं साधंसुधं, पोटाला आधार देणारं अन्न. नावातला 'फ' फणसातला, फॅनमधला नव्हे. डरबनचे भारतीय वंशाचे लोक त्याला पुटू म्हणतात. केरळच्या पुट्टूशी गल्लत करू नये. तो तांदळाचा आणि नळीत वाफवलेला, हा मक्याचा आणि भांड्यात मोकळा केलेला. जिन्नस तीनच: मका, पाणी, मीठ. शिजल्यावर तो मोकळ्या उपम्यासारखा भुरभुरीत हवा. थंड करून त्यावर अमासी, म्हणजे आंबवलेलं घट्ट दूध, घालतात. आपल्याकडे वैशाखात दहीभाताचं जे काम, ते तिकडे उन्हाळ्यात या वाडग्याचं. तीनच जिन्नस असल्यामुळे लपवायला मसाला नाही, फोडणी नाही. पीठ चुकलं की सगळंच चुकलं.

आता पिशव्या. कॉर्न फ्लोअरच्या नावातच फसगत आहे. आपल्याकडे या नावाने मिळतं ते मक्याचं निव्वळ स्टार्च, सूप दाट करायला वापरतात ते. उकळत्या पाण्यात पडलं की खळ तयार, पतंग चिकटवायला उत्तम. रंग पांढरा आणि वर 'कॉर्न' लिहिलेलं, म्हणून परदेशी कृती वाचून आलेला माणूस नेमका हाच डबा उचलतो.

बारीक पिवळं पीठ हे मक्याच्या भाकरीसाठी दळलेलं असतं, आणि भाकरीला ते छानच. उफुथुला मात्र ते घात करतं. कण इतका बारीक की बाहेरचा थर पाणी लागताच शिजून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठाला कवच बसतं. मग गुठळी फोडली की आत कोरडी भुकटी. पाणी वाढवलं तर खीर होते, कमी केलं तर गुठळ्या वाढतात. हे पीठ घरात पडून असेल तर त्याची इसिजिंगी करावी: अर्धा किलो लाल भोपळा थोड्या पाण्यात मऊ शिजवून घोटायचा, त्यात १०० ग्रॅम पीठ भुरभुरत घालायचं, चवीला मीठ आणि जरा साखर, आणि मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत राहायचं. तिथे घोटणं हेच काम असल्यामुळे बारीक पीठ शोभून दिसतं. दीड गुण दिला आहे तो या इसिजिंगीसाठी.

पाकिटातला मका रवा, कुठे कुठे पोलेंटा नावाने येणारा, हा पहिला वापरण्याजोगा माल. कोंडा आणि अंकुर काढलेले असतात, त्यामुळे टिकतो. कण वेगवेगळा राहतो. पण दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पाकिटावर 'झटपट' किंवा 'पाच मिनिटांत' असं काही असेल तर तो आधी शिजवून वाळवलेला रवा. त्याचा लगदाच होणार. दुसरं, हा रवा जाड असेल तर खाली दिलेल्या मापापेक्षा १०० मिलि पाणी जास्त आणि दहा मिनिटं जास्त वेळ द्यावा लागतो, नाहीतर दाताखाली कचकचतो. दोन गुण गेले ते रंग आणि चवीपायी. पिवळ्या मक्याचा गोडसर वास अमासीच्या आंबटपणावर चढतो. तिकडे खाण्याचा मका पांढरा. पिवळा मुख्यतः जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याचा. झुलू पाहुणा घरी येणार असेल तर पिवळा उफुथु पुढे करताना हे लक्षात असावं.

परदेशी मीली-मील, म्हणजे इविसा किंवा व्हाइट स्टारसारख्या छापाचं, कोकणात दुकानापेक्षा कुणाच्या बॅगेतून येण्याची शक्यता जास्त. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान घरांचे केपटाऊनशी संबंध शंभराहून जास्त वर्षांचे आहेत, त्यामुळे ही पिशवी काही वाड्यांना अगदीच अनोळखी नसावी. पिशवीवर 'सुपर' असेल तर कोंडा-अंकुर जवळजवळ पूर्ण काढलेला, 'स्पेशल' असेल तर थोडा राखलेला. मिळालीच निवड करायला तर उफुथुसाठी 'स्पेशल' घ्यावं, चवीला जास्त भरीव. २००३ पासून तिथे मक्याच्या पिठात जीवनसत्त्वं आणि लोह मिसळणं सक्तीचं आहे, तो एक फायदा. शिजायला अर्धा-पाऊण तास, आणि मापं चुकली तरी सांभाळून घेतं. एक गुण कापला तो वासासाठी. इतकं सोललेलं धान्य गुणी असलं तरी मुकं असतं. शिवाय पावसाळ्यात पिशवी एकदा उघडली की आठवड्यात तिचे गोळे होतात.

राहिली गिरण. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या भरडीची चव चारही पिशव्यांच्या वर आहे आणि ती बिघडवण्याच्या जागाही सगळ्यांत जास्त.

मका आधी मिळवावा लागतो. कोकण भात-नाचणी-वरीचा मुलूख. पांढरा मका गुजरातच्या पंचमहाल-दाहोद पट्ट्यात पिकतो. किराणा दुकानदाराला 'खायचा पांढरा मका' असं सांगून मागवून ठेवायला लावावं. नाहीच मिळाला तर घाटावरून येणारा पिवळा मका चालेल, गुण साडेतीन धरा. तीन मके मात्र टाळावेत. लाह्यांचा मका काचेसारखा टणक, गिरणीवर फुटतो पण पाण्यात शिजत नाही. कोंबडीखाद्याच्या दुकानातला मका दमट गोदामात राहिलेला असू शकतो. दाण्याच्या टोकाला हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर धुऊन-वाळवूनही उपयोग नाही, त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. आणि कृषी केंद्रातलं बियाणं कधीच नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. गुलाबी-लाल रंग त्याचीच खूण.

दोन किलोहून कमी मका नेला तर गिरणवाला नाराज होतो आणि भरडही नीट येत नाही. मका निवडून त्यावर १०० मिलि पाणी शिंपडायचं, हाताने चोळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. त्याने साल सैल होते आणि भरडताना मोठ्या पापुद्र्यांनी सुटते. याहून जास्त पाणी झालं की दगडाला राप बसतो आणि गिरणवाल्याची बोलणी खावी लागतात. सांगताना 'भरड' एवढंच सांगू नये, कारण डाळीची भरड वेगळी, आंबोळीची वेगळी. 'उपम्याच्या रव्यापेक्षा किंचित बारीक' असं सांगावं आणि पहिली मूठ हातात घेऊन बघावी. तांदळाचं दळण झाल्यावर आपला नंबर लावावा. दगडांत आधीच्या धान्याचा अंश राहतोच; तो तांदळाचा असला तर बिघडत नाही, नाचणीचा असला तर भरड मळकट दिसते आणि गव्हाचा असला तर चिकटपणा येतो. पहिली पाव-अर्धा किलो भरड म्हणूनच वेगळी ठेवायची. घरघंटी असेल तर डाळ भरडायला दिलेली मोठ्या छिद्रांची जाळी लावावी.

घरी आल्यावर गरम भरड डब्यात कोंबू नये. परातीत पसरून पूर्ण निवू द्यावी, नाहीतर डब्यात घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मग सुपात पाखडून साल उडवायची, मैद्याच्या चाळणीने पीठ काढायचं, रव्याच्या चाळणीने वरची जाड कणी काढायची. मधलं जे राहतं ते उफुथुचं. पीठ भाकरीला, कणी पेजेला.

अर्धा गुण का कापला? या भरडीत अंकुराचा अंश राहतो. चव त्याचीच, पण त्यात तेल असतं आणि तेल खवटतं. पावसाळ्यात बाहेर आठ दिवस, फ्रीजमध्ये महिना, एवढंच आयुष्य. शिवाय दोन गिरण्यांची भरड कधी सारखी येत नाही, त्यामुळे पाण्याचं माप दर वेळी पळीभर पुढे-मागे करावं लागतं.

माप चौघांचं: ४०० ग्रॅम भरड, ४५० मिलि पाणी, एक सपाट चमचा मीठ. बिडाच्या कढईत पाणी आणि मीठ खळखळून उकळू द्यावं. भरड मधोमध एकदम ओतायची, बेटासारखा ढीग राहिला पाहिजे. ढवळायचं नाही. झाकण ठेवून मंद-मध्यम आचेवर पाच मिनिटं. इथपर्यंत मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला नवीन काही नाही. वाफेने ढीग खालून वर भिजत जातो. फरक पुढे. उकड मळून एकजीव करतात, उफुथु एकजीव झाला की संपला. म्हणून पळी किंवा उलथनं बाजूला ठेवून मोठा काटा घ्यावा आणि खालून वर उकरत, टोचत जावं. गोल फिरवलं की कण एकमेकांवर घासतात, स्टार्च सुटतं आणि गोळा जमतो. पहिल्या उकरणीला आवळ्याएवढे गोळे दिसतील, घाबरू नये. झाकण ठेवून आच अगदी बारीक करा, दहा मिनिटांनी पुन्हा उकरा, गोळे करवंदाएवढे होतील. आणखी दहा मिनिटं, मग ज्वारीच्या दाण्याएवढे. तिसऱ्या दहा मिनिटांनंतर शेवटची उकरणी, आणि पाच मिनिटं झाकण तिरकं ठेवून वाफ जाऊ द्यायची. सगळे मिळून चाळीस मिनिटं.

दुसऱ्या उकरणीला कोरडी भरड दिसली तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडा. गार पाणी शिंपडलं तर शिजत असलेला कण आखडतो आणि आत कच्चा राहतो. झाकणाला आतून फडकं बांधलेलं बरं. एरवी वाफेचे थेंब परत पडतात आणि मधेच ओले डाग चिकट होतात. झालं की नाही हे पाहायला मूठभर घेऊन दाबा: मुटका व्हायला हवा आणि अंगठ्याने टिचकी मारली की फुटायला हवा. मुटका होतच नसेल तर कोरडा आहे, फुटतच नसेल तर पाणी जास्त झालं. कण मोडून मधे खडूसारखा ठिपका दिसला तर अजून दहा मिनिटं.

चिकट झालाच तर परातीत पसरून पंख्याखाली निववावा आणि मग हाताने मोडावा. निम्मा तरी वाचतो. फारच घट्ट गोळा झाला तर अमासीचा नाद सोडून राजम्याच्या रश्शाबरोबर वाढावा. डरबनकडे उफुथुबरोबर शिजवलेला शेंगदाण्या-रंगाचा ठिपकेदार घेवडा खातात, आपला चित्रा राजमा त्याच्या जवळचा.

भांड्याबद्दल. २४ सेंटीमीटरची, जाड बुडाची, घट्ट झाकणाची बिडाची कढई याला पुरते, घावनांच्या तव्याशेजारीच मिळते. तिकडचं तीन पायांचं ओतीव भांडं दिसायला देखणं, पण ते उघड्या विस्तवात स्वतःच्या पायांवर उभं राहायला केलेलं. आपल्या चुलीवर पाय आडवे येतात आणि गॅसवर डगमगतं. मागवायची गरज नाही. जर्मनच्या पातळ टोपात तळ दहाव्या मिनिटाला करपतो आणि वरचं कच्चं राहतं. नॉनस्टिकमध्ये शिजतं बरं, पण काट्याने लेप खरवडला जातो आणि खरवड धरत नाही. तळाशी धरलेल्या त्या खरपूस खरवडीला झुलूत इसिखोखो म्हणतात, आणि तिच्यासाठी पोरांची भांडणं तिथेही होतात. बिडात ती सोनेरी, कागदासारखी सुटते. कढई धुतल्यावर चुलीवर कोरडी करून खोबरेलाचा हात फिरवावा, नाहीतर आपल्या आषाढात दोन दिवसांत तांबेरा चढतो. अमासी मात्र बिडात कधी घालू नये, काळी पडते.

अमासीसाठी बाजारच्या दह्याला गुण दोनच. पाकिटातलं दही गुळगुळीत आणि गोडट, त्यात गुठळी नाही. चक्का फार कोरडा. अमासी या दोहोंच्या मधली: दाट, ओतता येणारी, मऊ गुठळ्यांची. परंपरेने ती सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात, इगुलात, आंबवत आणि खाली बुडाशी भोक ठेवून निवळ काढून टाकत. कच्चं दूध दोन-तीन दिवस तसंच ठेवून ती होते, पण कोणत्या गोठ्याचं दूध हे माहीत नसेल तर उकळलेलंच वापरावं. एक लिटर साईचं गाईचं दूध उकळून पूर्ण निववायचं. दही लावताना दूध बोटाला सोसेल इतकं गरम ठेवतो, तसं इथे नको. ३० अंशांच्या आसपास, म्हणजे हाताला गार ना गरम. गरम दुधात दह्याचे जंतू जोर करतात आणि एकसंध दही लागतं. कमी उष्णतेला आंबणं सावकाश होतं आणि फुटीर पोत येतो. ताज्या आंबट ताकाचे दोन मोठे चमचे घालून मातीच्या मडक्यात झाकून ठेवावं. मे महिन्यात १६ ते १८ तास, पावसाळ्यात २४, डिसेंबरच्या रात्री पडल्या की ३६. मडकं स्वतः पाणी शोषतं म्हणून स्टीलच्या डब्यापेक्षा दाट येते. कल्हई गेलेल्या पितळेत ठेवली तर कळकते, मग फेकायचीच.

पाणी सुटलेलं दिसलं की पातळ फडक्यावर अर्धा तास निथळू द्या, पाव लिटरपर्यंत निवळ जाते. निवळ आमटीत घालावी. उरलेलं पळीने दोन-तीनदाच हलवायचं, घुसळायचं नाही. तार सुटली, गुलाबी-निळसर ठिपका दिसला की टाकून द्या. पिशवीच्या एकजीव केलेल्या दुधाची अमासी लागते, पण साय वेगळी वर येत नाही आणि चव पातळच राहते. म्हशीचं दूध जड पडतं. निम्मं पाणी नव्हे, निम्मं गाईचं दूध मिसळावं.

बाजूचे पदार्थ कोकणात शोधायला लागत नाहीत. तिकडचे अमादुम्बे म्हणजे आपल्या अळकुड्या, वनस्पती एकच. सालासकट मिठाच्या पाण्यात पाऊण तास उकडायच्या, सोलून तशाच खायच्या. लहान गड्डे घ्यावेत. अर्धवट उकडलेला मोठा गड्डा घसा खाजवतो. चिंच-आमसुलाचा हात आवरावा, कारण आंबट अमासी शेजारी आहेच. इमिफिनो म्हणजे रानातल्या पालेभाज्या. माठ किंवा भोपळ्याचा कोवळा पाला कांद्याबरोबर मिठावर परतला की झालं. खोबरं घातलं तर वाईट लागत नाही, पण मग ती आपली भाजी झाली. मांसाहारी ताटात उसू, म्हणजे वजडी: चुन्याच्या पाण्यात खरवडून स्वच्छ केलेली, कुकरमध्ये ४० मिनिटं, फक्त मीठ आणि कांदा. मालवणी मसाला इथे घालू नये. पांढऱ्या उफुथुवर वजडीचं स्वतःचं पाणी पडायला हवं.

वाढताना उफुथु पूर्ण गार हवा आणि अमासी फ्रीजमधून काढलेली. वाडग्यात आधी उफुथु, वर दुप्पट अमासी, हवी तर चमचाभर साखर, आणि लगेच खायला घ्यायचं. पाच-सात मिनिटं तसंच ठेवलं की कण फुगून खिमट होतं. उरलेला कोरडा उफुथु फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. सकाळी काट्याने मोडला की पुन्हा मोकळा होतो, गरम करायची गरज नाही.